संवाद कळत नाहीत, बास घुमतो, म्हणून मोठा रिसीव्हर घ्यावा का? आधी हे करून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सात चॅनेलचा ९० वॅटवाला रिसीव्हर (होम थिएटरचे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर), त्याला ५.१ स्पीकर (समोर डावा, उजवा आणि मधला 'सेंटर', दोन सराउंड आणि बासचा एक सबवूफर), खोली साधारण ५ बाय साडेतीन मीटर, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. संवाद नीट कळत नाहीत म्हणून आवाज वाढवला की मारामारीच्या सीनला कानठळ्या बसतात, बास नुसता घुमत राहतो, आणि आता १५० वॅटचा मोठा रिसीव्हर घ्यायचा विचार चाललाय.

माझं उत्तर: नका घेऊ, निदान आत्ता तरी नको. मी बरीच वर्षं लोकांकडे हे सेटअप लावून देतोय आणि तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं वॅट कमी पडल्याची नाहीयेत. ती सोफ्याच्या जागेची, सेंटर स्पीकरच्या जागेची आणि चार-पाच सेटिंगची आहेत. नवा रिसीव्हर त्याच खोलीत त्याच सोफ्यासमोर ठेवलात तर तो हेच करणार, फक्त मेन्यू वेगळा दिसेल.

वॅटचं आधीच सांगून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल. ९० वरून १५० वॅटवर गेलात तर आवाजात जेमतेम २.२ डीबीचा (डेसिबल, आवाजाची पातळी मोजायचं एकक) फरक पडतो, कारण ३ डीबी जास्त हवं असेल तर पॉवर दुप्पट लागते आणि कानाला 'दुप्पट मोठं' वाटायला साधारण १० डीबी म्हणजे दहापट पॉवर लागते. आता हिशेब करा, तुमचे स्पीकर ८८ डीबी सेन्सिटिव्हिटीचे धरले (म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर तेवढा आवाज) आणि तुम्ही ३ मीटरवर बसलात तर अंतरामुळे जास्तीत जास्त साडेनऊ डीबी जातात, खोलीत त्याहून थोडे कमीच. पुढे रेफरन्स लेव्हलबद्दल, म्हणजे थिएटरच्या ठरलेल्या आवाजाबद्दल (रिसीव्हरच्या व्हॉल्यूमवर तो ०), सांगतोच पण व्हॉल्यूम −१५ वर असताना एका चॅनेलचा सगळ्यात मोठा दणका ९० डीबीचा असतो, त्याला १४-१५ वॅट पुरतात. आणि खालचा बास सबवूफर (पुढे नुसतं 'सब') स्वतःच्या अँपवर वाजवतोय. म्हणजे तुमच्या ९० वॅटमध्ये भरपूर जागा शिल्लक आहे.

एक मात्र बघून घ्या, ते ९० वॅट कसे मोजलेत. '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, ०.०८% डिस्टॉर्शन' (आवाज बिघडण्याचं प्रमाण) असं लिहिलं असेल तर आकडा खरा धरा. '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनेल, १०% डिस्टॉर्शन' असं असेल तर तो आकडा खोक्यावर छापण्यापुरता आहे, दोन रिसीव्हरची तुलना त्याच्यावर करू नका.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी रिसीव्हरच्या डिस्प्लेवर किंवा रिमोटच्या इन्फो बटणावर बघा की आत नक्की काय येतंय. हे जवळजवळ कोणी बघत नाही आणि निम्म्या तक्रारी इथेच सुटतात. टीव्हीतल्या अ‍ॅपवरून बघत असाल आणि डिस्प्लेवर 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ' दिसत असेल तर टीव्ही तुम्हाला दोनच चॅनेल देतोय, मग सेंटरला स्वतःचा ट्रॅकच नाही, संवाद कुठून कळणार. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पास-थ्रू' किंवा 'बिटस्ट्रीम' करा म्हणजे टीव्ही आवाज जसाच्या तसा पुढे पाठवेल, काही टीव्हीत 'ऑटो' असतं. रिसीव्हरकडून येणारी एचडीएमआय वायर टीव्हीच्या 'आर्क' किंवा 'ई-आर्क' लिहिलेल्या पोर्टलाच हवी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवणारं पोर्ट), साध्या आर्कसाठी दोन्हीकडे सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना सूचना द्यायची सोय) चालू हवं.

साध्या आर्कमधून डॉल्बी डिजिटल प्लस (स्ट्रीमिंगचा नेहमीचा सराउंड फॉरमॅट) जातं आणि त्याच्यावर बसलेला, वरच्या स्पीकरांचाही आवाज असलेला स्ट्रीमिंगचा अ‍ॅटमॉसही जातो, म्हणून फक्त अ‍ॅप बघणाऱ्याला ई-आर्क नसलं तरी फार अडत नाही. अडतं ते डिस्कवरच्या ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या जास्त डेटावाल्या फॉरमॅटना, त्यांना ई-आर्क लागतं किंवा प्लेअर थेट रिसीव्हरला जोडावा लागतो. मी नेहमी थेट रिसीव्हरलाच जोडतो, मध्ये टीव्ही आला की एक जागा जास्त वाढते जिथे काहीतरी बिघडू शकतं, काही टीव्ही तर डीटीएस पुढे पाठवतच नाहीत. ऑप्टिकल वायर लावली असेल तर काढा, तिच्यातून डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही.

आता सोफा. बासच्या घुमण्याचं मूळ इथे आहे. खोलीच्या लांबीत कमी फ्रिक्वेन्सीच्या लाटा दोन भिंतींमध्ये अडकून उभ्या राहतात. तुमच्या ५ मीटरच्या खोलीत पहिली लाट ३४ हर्ट्झच्या आसपास, दुसरी ६८-६९ ला, रुंदीची पहिली ४९ ला. या सगळ्या लाटांचा दाब भिंतीजवळ सगळ्यात जास्त असतो, आणि मागच्या भिंतीला डोकं टेकून बसलात म्हणजे लांबीच्या सगळ्या लाटांच्या शिखरावर बसलात. बरोब्बर मधोमध बसलात तर ३४ वाली तिथे जवळजवळ गायब होते आणि बास पोकळ वाटतो, म्हणजे तेही नको. सोफा भिंतीपासून पाऊण-एक मीटर पुढे ओढून बघा, तेवढी जागा नसेल तर अर्धा मीटर तरी, आणि एकच ओळखीचं बासवालं गाणं लावून दहा-दहा सेंटीमीटरने पुढे-मागे सरकत ऐका. मी हे सगळ्यात पहिलं करायला लावतो आणि लोकांना खरंच वाटत नाही की एक स्क्रू न फिरवता एवढा फरक पडतो. सोफा हलवायला जागाच नसेल तर डोक्यामागे भिंतीवर जाड शोषक पॅनल लावा, त्याने बास नाही सुधारणार पण मागच्या भिंतीवरून परतून संवादावर पडणारा आवाज कमी होईल.

सबची जागा पण अशीच कानानेच शोधायची. सब उचलून तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, बासची एकसारखी चाल असलेला ट्रॅक लावा आणि तुम्ही भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यावर फिरा. जिथे प्रत्येक नोट सारखी ऐकू येते, एक फुगत नाही नि दुसरी गायब होत नाही, ती सबची जागा. कोपऱ्यात सब मोठा वाजतो पण बहुतेक वेळा घुमतोही तिथेच. पैसे खर्च करायचेच असतील ना तर मोठ्या रिसीव्हरपेक्षा दुसरा तसाच सब घ्या, दोन सब समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले की लाटांची शिखरं-खड्डे बरेच सपाट होतात, हे कुठल्याही इक्वलायझरने होत नाही. इक्वलायझर शिखर कापू शकतो, खड्डा भरू शकत नाही, कारण खड्ड्यात जेवढी पॉवर ओताल तेवढीच परतून येऊन तिला खोडते.

सबच्या पाठीमागची बटणं: लो-पास किंवा क्रॉसओव्हरचं बटण (कुठल्या फ्रिक्वेन्सीखालचा आवाज सबने वाजवायचा ते ठरवणारं) पूर्ण वर नाहीतर 'एलएफई' (सिनेमातला बासचा वेगळा ट्रॅक) वर, कारण हे काम रिसीव्हर करणार आहे, दोघांनी केलं की ८० हर्ट्झच्या आसपास भोक पडतं. गेन (सबच्या आवाजाचं बटण) मध्यापेक्षा थोडा खाली. ऑटो ऑन नीट जागं होत नसेल तर सब कायम चालूच ठेवा.

सेंटर स्पीकर. तुमचा टीव्हीखालच्या कप्प्यात आत सरकवलेला असणार, नव्वद टक्के घरात तसाच असतो. पुढे ओढा, अगदी काठापर्यंत, म्हणजे समोर फळीचा भागच उरायला नको, नाहीतर आवाज फळीवर आपटून येतो आणि शब्द चिखल होतात. मग खाली रबराची पाचर लावून तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे वळवा. चारही बाजूंनी बंद कप्पा असेल तर आजूबाजूला फोम भरा. जमलं तर कप्प्यातून बाहेरच काढा. समोर काचेचा टीपॉय असेल तर सिनेमा बघताना बाजूला करा किंवा वर जाड कापड टाका. समोरचे दोघं डावे-उजवे मधल्या रेषेपासून प्रत्येकी २२ ते ३० अंशांत, सराउंड ९० ते ११० अंशांत, कानाच्या थोडे वर. सोफा भिंतीला असेल तर सराउंड मागच्या भिंतीवर डोक्याजवळ ठोकू नका, बाजूच्या भिंतीवर घ्या.

वायर एकदा सगळ्या तपासा. लाल लालला, काळा काळ्याला, दोन्ही टोकांना. एक जरी स्पीकर उलटा लागला असेल तर मधला आवाज पसरट आणि बास पातळ होतो. टोकाचा एकही तंतू शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये, रिसीव्हर प्रोटेक्टमध्ये जाण्याचं (स्वतःला वाचवायला बंद पडण्याचं) हे सगळ्यात साधं कारण आहे. दीड स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर दहा मीटरपर्यंत ६-८ ओहमच्या स्पीकरला पुरते, त्यापेक्षा लांब किंवा ४ ओहम असेल तर अडीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते पण तिचा रेझिस्टन्स साधारण दीडपट असतो, घ्यायचीच तर एक साइज जाड घ्या. याच्या वर वायरवर खर्च करू नका.

एवढं झाल्यावरच कॅलिब्रेशन, म्हणजे रिसीव्हर माइकने खोली मोजून सेटिंग लावतो ते. त्यासाठीचा प्रोग्रॅम ऑडिसी असो, वायपीएओ असो, डिरॅक असो, सगळ्यांना माइक जे ऐकवेल तेच कळतं. त्यामुळे माइक हातात धरायचा नाही, सोफ्याच्या पाठीवर टेकवायचा नाही, उशीवर तर अजिबात नाही. ट्रायपॉडवर, तोंड छताकडे, बसल्यावर कान जिथे येतो त्या उंचीवर. पहिलं माप डोक्याच्या बरोब्बर मध्याच्या जागी, कारण अंतर आणि लेव्हल त्या पहिल्या मापावरूनच ठरतात. बाकीची मापं त्याच्या आजूबाजूला अर्ध्या-पाऊण मीटरच्या आत, थोडी पुढे थोडी बाजूला. खोलीच्या चार कोपऱ्यांत माइक फिरवायची काही गरज नाही, तुम्ही तिथे बसत नाही. एसी, पंखा, फ्रिज बंद, खिडक्या बंद, आणि तुम्ही स्वतः माइक आणि स्पीकरच्या मध्ये उभे राहू नका. फेज उलटी (म्हणजे स्पीकरची लाल-काळी वायर उलटी) असल्याची वॉर्निंग आली तर वायर बघा, बरोबर असेल तर पुढे जा, काही स्पीकरच्या आतल्या रचनेमुळे ती खोटी येते.

संपल्यावर बहुतेक लोक 'सेव्ह' दाबून उठतात. खरं काम इथून पुढे आहे. चार गोष्टी उघडून बघा.

पहिली, स्पीकर साइज. रिसीव्हरने 'लार्ज' लावलं असेल तर 'स्मॉल' करा, जमिनीवरचे उंच टॉवर स्पीकर असले तरी. यात स्पीकरचा अपमान नाही, फक्त खालचा बास सबकडे पाठवायची ती सूचना आहे. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा, सिनेमाच्या आवाजाचं प्रमाणपत्र देणाऱ्या टीएचएक्सचाही तोच आकडा आहे, छोटे सॅटेलाइट स्पीकर असतील तर १०० किंवा १२०. रिसीव्हरने स्वतः १०० सुचवलं असेल तर खाली ओढू नका, वर न्यायला हरकत नाही. सबचा मोड 'एलएफई' ठेवा, 'एलएफई प्लस मेन' नको, त्याने तोच बास दोन ठिकाणांहून येतो. आणि एलएफईचा लो-पास १२० हर्ट्झ, तो ट्रॅक तिथपर्यंतच असतो, ८० करून त्याचा वरचा भाग कापू नका.

दुसरी, सबची लेव्हल. −१२ दिसत असेल तर रिसीव्हरचं माप टोकाला जाऊन अडकलंय, खरं किती कमी करायचं होतं ते कळायला मार्ग नाही. सबचा गेन कमी करून परत चालवा, −६ ते ० च्या दरम्यान यायला हवं. नंतर बास कमी वाटला (बऱ्याच जणांना वाटतो, सपाट बास ऐकायची सवय नसते) तर इथूनच ३ डीबी वाढवा, सबच्या पाठीमागून नाही.

तिसरी, अंतर. सबचं अंतर प्रत्यक्षात ३ मीटर आणि रिसीव्हर ५ दाखवतोय असं होईल. ते चुकीचं समजून बदलू नका. सबच्या आतल्या सर्किटला लागणारा उशीर त्याने अंतरात धरलाय, एक मीटर म्हणजे २.९ मिलिसेकंद. बाकीच्या स्पीकरचं अंतर मात्र टेपने मोजलेल्याच्या जवळपास हवं.

चौथी, आवाज दाबणारी आणि फुगवणारी सेटिंग. तुमची 'संवाद हळू, मारामारी मोठी' ही तक्रार अर्धी इथे आहे. व्हॉल्यूम ० वर असताना एका चॅनेलचा शिखराचा आवाज १०५ डीबी आणि एलएफईचा ११५, थिएटरमध्ये हीच रेफरन्स लेव्हल, घरी एवढं कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये. आपण −२०, −२५ वर बघतो, तिथे कानाला बास कमी ऐकू येतो म्हणून डायनॅमिक ईक्यू बास वाढवून देतो, आणि त्याबरोबर सराउंडही वर आणतो. सिनेमाला ते छान. पण टीव्हीचे कार्यक्रम आणि संगीत तेवढ्या मोठ्या रेफरन्सवर मिक्स केलेलं नसतं, तिथे तोच डायनॅमिक ईक्यू बास फुगवतो आणि तुमचं घुमणं अजून वाढवतो. ऑडिसीत रेफरन्स लेव्हल ऑफसेट आहे: सिनेमाला ०, टीव्ही-संगीताला १० किंवा १५. रात्री शेजाऱ्यांचा विचार असेल तर डायनॅमिक व्हॉल्यूम 'लाइट' किंवा नाइट मोड, त्याने दणका खाली येतो आणि कुजबुज वर. दिवसा बंद ठेवा.

एवढं करूनही संवाद मागे वाटले तर सेंटरची लेव्हल २ डीबीपर्यंत वाढवा, त्याच्यावर नको, नाहीतर पडद्याच्या मधूनच सगळं येतंय असं वाटायला लागतं. ऑडिसी असेल तर अजून एक: त्यात २ किलोहर्ट्झच्या आसपास मुद्दाम थोडा खड्डा ठेवलेला असतो, मिडरेंज कॉम्पेन्सेशन नावाने, आणि शब्दांची स्पष्टता नेमकी त्या भागात राहते. मल्टईक्यू एडिटर अ‍ॅप चालत असेल तर त्यात ते कॉम्पेन्सेशन बंद करून ऐका. त्याच अ‍ॅपमध्ये करेक्शन किती फ्रिक्वेन्सीपर्यंत करायचं तेही ठरवता येतं. चांगले स्पीकर असतील तर मी ३०० ते ५०० हर्ट्झच्या वर हातच लावू देत नाही. त्याच्या खाली खोलीचं राज्य असतं, वर स्पीकरचं, आणि सहा-आठ मापांच्या सरासरीवरून स्पीकरचा मूळ सूर बदलणं मला पटत नाही. यावर मतभेद आहेत, तुम्ही दोन्ही ऐकून ठरवा. आणि 'प्युअर डायरेक्ट' बटण मोहात पाडतं, पण बहुतेक रिसीव्हरमध्ये ते खोलीचं करेक्शन बंद करतं, काहींत सबही बंद होतो, म्हणजे वरची सगळी मेहनत एका बटणाने गेली.

दोन जास्तीचे अँप पडून आहेत त्यांचं बाय-अँपिंग (एकाच स्पीकरला दोन अँप लावणं) करू नका, तोच पॉवर सप्लाय दोन वाटांनी वापरला जातो, हाती काही लागत नाही. कधीतरी छतात दोन स्पीकर बसवून ५.१.२ करा, त्यांचा खरा उपयोग तो.

गरमीकडे दुर्लक्ष करू नका. रिसीव्हरच्या वर किमान १०-१५ सेंटीमीटर मोकळी जागा, बंद कपाट असेल तर मागून पंखा, आणि त्याच्या डोक्यावर सेट टॉप बॉक्स ठेवलेला असेल तर आजच उचला. सतत तापलेल्या रिसीव्हरमध्ये आधी एचडीएमआयचा बोर्ड कुरकुरतो, चित्र मध्येच जातं, आणि लोक वायर बदलत बसतात. मेन्यूतला ४ ओहम-६ ओहमवाला पर्याय आतलं व्होल्टेज कमी करतो म्हणजे पॉवरही कमी होते, तुमचे स्पीकर ६-८ ओहमचे असतील तर ८ वरच राहू द्या, ४ ओहमचे असतील तर मॅन्युअल सांगेल तसं करा. स्पीकरमधून हमिंग येत असेल तर एकेक उपकरण काढून बघा, बहुतेक वेळा केबल टीव्हीच्या वायरमधून येतं. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

सगळं जमलं की सेटिंग यूएसबीवर किंवा अ‍ॅपमध्ये सेव्ह करा आणि मगच फर्मवेअर अपडेट करा, अपडेटनंतर सगळं पुसलं जाण्याचे प्रकार होतात.

यानंतरही, म्हणजे बास स्वच्छ झालाय, संवाद कळतायत, आणि −१० वर सिनेमा लावला की आवाज कर्कश होतो किंवा रिसीव्हर बंद पडतो, तेव्हा पॉवर कमी आहे असं म्हणता येईल. तसं झालं तरी पूर्ण रिसीव्हर बदलू नका. मागे 'प्री-आउट' (बाहेरच्या अँपला सिग्नल देणारी पोर्ट) आहेत का बघा, असतील तर तीन चॅनेलचा वेगळा अँप घेऊन समोरचे तीन स्पीकर त्याच्यावर टाका, सगळ्यात जास्त भार त्यांच्यावरच असतो, सराउंड रिसीव्हरच्या अँपवर आरामात चालतील. अँप जोडल्यावर लेव्हल बदलतात, तेव्हा कॅलिब्रेशन पहिल्या मापापासून परत चालवा.